कॉम्प्युटर बंद पडला म्हणजे हिशेब बुडाला असे नव्हे

कापडाच्या धंद्यातला माणूस आगीला भितो, पावसाच्या पाण्याला भितो, उंदराला आणि वाळवीलाही भितो. म्हणून तो गोदामाला पत्रे ठोकतो, गाठी फळ्यांवर ठेवतो. पण ज्या कॉम्प्युटरमध्ये त्याची सगळी उधारी लिहिलेली असते, तो एका सकाळी सुरू झाला नाही तर काय करायचे, याचा विचार त्याने केलेला नसतो. मीही केला नव्हता.

२०११ सालची गोष्ट. दुकान उघडून बटण दाबले, तर पडदा काळा आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ. दुरुस्ती करणाऱ्याला बोलावले. त्याने पाच मिनिटे पाहिले आणि म्हणाला, "शेठ, विंडोज उडाली आहे, फॉरमॅट मारावे लागेल." फॉरमॅट म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हते. मी म्हणालो, "मारा." संध्याकाळी मशीन नव्यासारखे चालू लागले. टॅली उघडली, तर आत एकही कंपनी नाही. तीन वर्षांची येणी-देणी साफ.

चूक त्याची होती तितकीच माझीही होती. आतला माल कुठे जाईल, हे मी विचारलेच नाही. पुढचे चार महिने बिलांच्या पेट्या उपसून हिशेब पुन्हा मांडला. ज्यांची नियत साफ होती त्यांनी आपापल्या वहीतून आकडे आणून दिले. काही रकमा कायमच्या गेल्या. पण मनाला लागले ते दुसरेच. काही विणकरांची मजुरी आमच्याकडे जमा होती. लग्नाच्या वेळी घेऊ म्हणून त्यांनी ती ठेवली होती. ती त्यांची अमानत होती आणि तिचा आकडा माझ्यापाशी नव्हता. त्यांनी जो सांगितला तो मान्य करून मी पैसे दिले. कोणी एक रुपया वाढवून सांगितला नाही, पण मान खाली गेली ती गेलीच.

यंदा रमजानच्या तोंडावर, ऐन गर्दीत, दुसरा कॉम्प्युटर तसाच अडला. या वेळी माझा भाचा आला. तो म्हणाला, "मामू, घाई करू नका, डिस्क शाबूत दिसते." दीड तासात सगळा हिशेब पेन ड्राइव्हवर होता, आणि विंडोजला अजून कोणी हातही लावला नव्हता. जो इलाज २०११ साली माहीत नव्हता तो आज माहीत झाला आहे. व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या उपयोगी पडावा म्हणून तो येथे देत आहे.

कुलूप वेगळे, माल वेगळा

कॉम्प्युटरची डिस्क म्हणजे गोदाम. विंडोज म्हणजे त्या गोदामाचे दार उघडणारा मुनीम. मुनीम आजारी पडला तर दार उघडत नाही, पण आतला माल जळालेला नसतो. "कॉम्प्युटर सुरू होत नाही" या तक्रारीत पुष्कळदा मुनीमच आजारी असतो. फॉरमॅट करणे म्हणजे मुनीम बदलण्यासाठी गोदाम रिकामे करणे होय.

आधी रोग ओळखा

बटण दाबल्यावर दिवा नाही, पंखा नाही, तर दोष विजेचा किंवा आतल्या पॉवर सप्लायचा असतो. अशा वेळी डिस्क बहुधा ठीक असते.

पंखा फिरतो, पण पडदा काळा आणि आतून बीप-बीप आवाज येतो, तर बहुधा रॅमची पट्टी सैल झालेली असते. ज्या गावात यंत्रमाग आहेत तेथे कापसाचे बारीक तंतू डब्यात जाऊन बसतात. वीज काढून पट्टी बाहेर घ्यावी, तिचे सोनेरी टोक पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच पुसावे आणि पट्टी घट्ट बसवावी. कित्येकदा एवढ्यानेच काम होते.

तारीख भलतीच दिसते, दर वेळी सेटिंग जाते, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ नावाचा गोल सेल संपला आहे. घड्याळ दुरुस्तीच्या दुकानातही हा सेल मिळतो. तो संपल्यावर कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे हेच मशीन विसरते.

"नो बूटेबल डिव्हाइस" अशी ओळ आली, तर आधी लावून राहिलेला पेन ड्राइव्ह काढा. मग वीज बंद करून डिस्कची केबल पाहा. बायोसच्या पडद्यावर डिस्कचे नाव दिसत असेल तर आशा चांगली आहे. केबल बदलूनही दिसत नसेल तर डिस्कच बिघडली असावी.

विंडोजचे चिन्ह येते, गोल ठिपके फिरत राहतात, निळा पडदा येतो किंवा "ऑटोमॅटिक रिपेअर" पुन्हा पुन्हा येते, तर मुनीम आजारी आहे. माल बहुतेक जागेवर आहे.

आणि डिस्कमधून टक-टक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर त्या क्षणी वीज बंद करा. याविषयी पुढे सांगतो.

काय करू नये

फॉरमॅट करू नका. नवी विंडोज चढवू देऊ नका. "रिसेट धिस पीसी"चे बटण दाबू नका. त्यात फाइली ठेवण्याचा पर्याय असतो, पण प्रोग्रॅम निघून जातात आणि प्रोग्रॅमच्या फोल्डरात ठेवलेला हिशेब अडचणीत येतो. माल बाहेर काढण्याआधी डिस्क तपासण्याचा चेकडिस्क हा हुकूमही देऊ नका, कारण तो दुरुस्तीच्या नावाखाली डिस्कवर लिहितो. नियम एकच: आधी माल बाहेर, मग दुरुस्ती. पुसलेल्या पाटीवरचे जुने अक्षर कधी कधी वाचता येते, पण त्यावर दुसरे लिहिले की ते गेले.

माल बाहेर काढण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग, डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावणे. यासाठी यूएसबी ते साटा अशी केबल किंवा डबी मिळते. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते. डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला मात्र १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. नव्या मशीनमध्ये च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम डॉट टू डिस्क असते, तिची डबी निराळी असते. ती घेण्याआधी दुकानदाराला डिस्क दाखवावी. केबल लावताच दुसऱ्या कॉम्प्युटरवर नवा ड्राइव्ह दिसतो. फोल्डर उघडताना परवानगी नाही असे आले, तर "कंटिन्यू" दाबून थोडे थांबावे. "डिस्क फॉरमॅट करू का?" असे विचारले, तर नकार द्यावा आणि तेथेच थांबून जाणकाराला दाखवावे.

दुसरा मार्ग, डिस्क न काढता पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करणे. लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही मोफत प्रणाली दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावी आणि रूफस नावाच्या मोफत प्रोग्रॅमने पेन ड्राइव्हवर चढवावी. मिंटसाठी ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. त्यावर आधीचे जे असेल ते पुसले जाते, हे लक्षात ठेवावे. मग तो बंद पडलेल्या मशीनला लावून, सुरू करताना बूट मेनूची कळ दाबावी. डेल आणि लेनोवोमध्ये ती बहुधा एफ १२ असते, एचपीमध्ये एफ ९. यादीतून पेन ड्राइव्ह निवडला की विंडोजशिवायच पडदा उघडतो. तेथे "इन्स्टॉल"चे चिन्ह दिसेल, त्याला हात लावू नये. फाइल मॅनेजरमध्ये आपली डिस्क दिसते. आपला माल दुसऱ्या पेन ड्राइव्हवर कॉपी करून घ्यावा.

तिसरा मार्ग, ज्यांच्याकडे काहीच साधन नाही त्यांच्यासाठी. विंडोजचा दुरुस्तीचा निळा पडदा येत असेल तर "ट्रबलशूट", मग "अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स", मग "कमांड प्रॉम्प्ट" निवडावे. काळ्या खिडकीत नोटपॅड हा शब्द इंग्रजीत लिहून एंटर दाबावे. नोटपॅड उघडला की त्यातल्या "फाइल", "ओपन" मध्ये जाऊन खाली "ऑल फाइल्स" करावे. आता त्या छोट्या खिडकीत सगळे ड्राइव्ह दिसतात. फोल्डरवर उजवे बटण दाबून कॉपी आणि पेन ड्राइव्हवर जाऊन पेस्ट करता येते. येथे ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात, सीचा डी झालेला असतो. कॉपी किती झाली हे दिसत नाही, म्हणून घाईने पेन ड्राइव्ह ओढू नये.

काय काय उचलायचे

पहिल्यांदा हिशेब. टॅलीची सुरुवातच कापड गिरण्यांच्या बाजारातून झाली. श्यामसुंदर गोयंका गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे भाग पुरवत. हिशेबासाठी मनासारखा प्रोग्रॅम मिळेना, म्हणून त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी तो तयार केला आणि १९८६ साली कंपनी उभी राहिली. जुन्या टॅली ईआरपी ९चा हिशेब बहुधा सी ड्राइव्हवर टॅलीच्याच फोल्डरातील "डेटा" मध्ये असतो. टॅलीप्राइमचा पुष्कळदा "यूजर्स", "पब्लिक", "टॅलीप्राइम", "डेटा" असा आत असतो. प्रत्येक कंपनीचे फोल्डर म्हणजे १००००सारखा नुसता आकडा असतो. त्याला निरुपयोगी समजून सोडू नये. पूर्ण "डेटा" फोल्डर उचलावे. आपला हिशेब कुठे राहतो हे टॅलीत कंपनी निवडण्याच्या पडद्यावर दिसते. आजच पाहून वहीत लिहून ठेवावे.

मग "यूजर्स" मधील आपल्या नावाच्या फोल्डरातून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स घ्यावे. भरतकाम करणाऱ्यांनी मशीनच्या डीएसटी आणि ईएमबी फाइली, छपाईवाल्यांनी कोरलड्रॉच्या सीडीआर आणि इनपेजच्या आयएनपी फाइली शोधाव्यात. कारागिराची डिझाइन म्हणजे त्याचा हुन्नर. ती व्यापाऱ्याच्या हिशेबाइतकीच मोलाची आहे.

नवे कुलूप

अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते. याला बिटलॉकर म्हणतात. अशी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तरी ४८ आकड्यांची किल्ली मागते. लॅपटॉप सुरू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने नोंद केली असेल, त्या खात्यात ही किल्ली बहुधा जमा असते. किल्ली नसेल तर जगातला कोणताही कारागीर ते कुलूप उघडू शकत नाही. पुष्कळांचा लॅपटॉप दुकानातल्या पोराने स्वतःच्या ईमेलवर सुरू करून दिलेला असतो. तुमचा तसा असेल तर किल्ली त्याच्या खात्यात आहे. मशीन चालू आहे तोवरच ती उतरवून घ्या आणि कागदावर लिहून तिजोरीत ठेवा.

डिस्कच आजारी असेल तर

जुन्या डिस्कमध्ये फिरती तबकडी असते आणि वाचणारे टोक तिच्यापासून केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगते. धुळीचा कणही त्याला दगडासारखा असतो. म्हणून डिस्क उघडू नये, ठोकू नये, फ्रीजमध्ये ठेवण्याचा ऐकीव उपाय करू नये. आवाज नाही पण वाचन अडखळते, अशी डिस्क जाणकाराकडे न्यावी. तो डीडीरेस्क्यू नावाच्या मोफत प्रोग्रॅमने आधी चांगला भाग आणि मग खराब भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवतो. टक-टक करणारी डिस्क मात्र धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्यावी. खर्च मोठा असतो, म्हणून आधी विचारून घ्यावा. चुकून पुसलेल्या फाइली फोटोरेक या मोफत प्रोग्रॅमने कधी परत मिळतात, पण नावे जातात. नव्या एसएसडी डिस्कवर पुसलेले बहुधा परत येत नाही.

इतके करूनही हिशेब मिळाला नाही, तर जीएसटी पोर्टल आठवा. आपण भरलेल्या जीएसटीआर-१ मध्ये नोंदणीकृत ग्राहकांची बिले, आणि जीएसटीआर-२बी मध्ये आपल्याला माल देणाऱ्यांची बिले सापडतात. बँकेचा उतारा जोडला की अर्धा हिशेब उभा राहतो. पण किरकोळ उधारी आणि कारागिरांची मजुरी तेथे नसते. ती फक्त तुमच्यापाशी असते. कायद्याप्रमाणेही हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचा असतो, आणि कॉम्प्युटरवरच्या हिशेबाची दुसरी प्रत ठेवणे जीएसटी नियमांनी व्यापाऱ्यावरच सोपवले आहे.

शेवटचे सांगणे

डिस्क दुरुस्तीला द्याल तेव्हा शक्यतो शेजारी बसा, आणि बदललेली जुनी डिस्क परत मागून घ्या. तिच्यात तुमच्याच नव्हे, तुमच्या गिऱ्हाइकांच्याही गोष्टी आहेत.

आता मी दर गुरुवारी, जुम्म्याच्या सुट्टीआधी, दुकान बंद करताना टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून बॅकअप घेतो. पेन ड्राइव्ह दोन आहेत. एक दुकानात, एक घरी, आणि दोन्ही मशीनपासून काढून ठेवलेले, कारण लावून ठेवलेला ड्राइव्ह व्हायरसने मशीनबरोबरच जातो. तीन महिन्यांतून एकदा घरच्या कॉम्प्युटरवर तो बॅकअप उघडून पाहतो. न उघडून पाहिलेला बॅकअप म्हणजे न मोजलेली गड्डी.

कारागिरांच्या मजुरीची वही मात्र मी पुन्हा हाताने लिहू लागलो आहे. कॉम्प्युटरवर असतेच, तरीही लिहितो. दर महिन्याला ते येतात, आपला आकडा पाहतात आणि सही करून जातात.