माती वाचताना

नागपूरहून काटोल रस्त्याला लागलं की दहा-बारा किलोमीटरवर जुनापाणी येतं. तिथल्या माळावर तीनशेच्या आसपास शिलावर्तुळं आहेत. १८७९ साली रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांच्याविषयी लिहिलं, १९६१-६२मध्ये बी. के. थापर यांनी त्यातली तीन उकरली. माहूरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथेही अशीच वर्तुळं आहेत. लोहयुगातल्या माणसांची ही दफनं, अडीच हजार वर्षांहून जुनी.

आपल्याला दिसतात ते दगड. उत्खननात मात्र दगडांकडे फारसं कुणी बघत नाही, हे मला नागपूर जिल्ह्यातल्याच एका वर्तुळाशी आठवडाभर बसल्यावर कळलं.

पहिल्या दिवशी मध्यावर खुंटी ठोकली. दोन सुतळ्या काटकोनात ताणून वर्तुळाची चार पावं केली. खोदायची ती समोरासमोरची दोनच. मधे मातीचा बांध उभा ठेवायचा, कारण थर वाचायचे ते त्याच्या उभ्या कापावर.

आधी मुरूम आणि गोटे निघाले. कुदळ खणखणत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज बुजला. खोदणारे मामा थांबले, ओला गोळा बोटांत मळून म्हणाले, "हे माती इथची नाही जी."

खरंच नव्हती. टेकाड सगळं मुरमाड. अशी चिकण काळी माती खालच्या शेतात. म्हणजे कुणीतरी ती वाहून आणली होती, मयतासाठी, टोपल्या-टोपल्यांनी.

तिथून कुदळ बाजूला ठेवली. थापी, खुरपी, कुंचला. एक बोट माती काढायची, चाळायची, खोली मोजायची, वहीत लिहायची. काप कोरडा पडला की रंग विझतात, म्हणून त्यावर पाणी फवारायचं. लगेच काळ्याची आणि पिवळसर मुरमाची रेघ उमटते. चौथ्या दिवशी काळ्या-तांबड्या भांड्यांची खापरं आली, पाठोपाठ गंजाने फुगलेली चपटी लोखंडी कुऱ्हाड. सगळे वाकले. पण उत्खनन चालवणाऱ्या बाईंनी ती उचलू दिली नाही. आधी फोटो, चित्र, मोजमाप. "उचलली की नुसती कुऱ्हाड," त्या म्हणाल्या. "इथं आहे तोवर कुणीतरी ठेवलेली कुऱ्हाड."

माहूरझरीच्या दफनांत घोड्यांचे अवशेष सापडले आहेत, तोंडावरच्या तांब्याच्या साजासकट. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली. ही माणसं लोखंड घडवत होती, घोडे सजवत होती, हे अशा वस्तूंवरून कळतं. पण आधी काय पुरलं, नंतर काय ओतलं, हा अंत्यविधीचा क्रम फक्त मातीत असतो. शेवटचं घमेलं आपल्याला आधी लागतं, पहिलं सर्वांत शेवटी.

शेवटच्या दिवशी खड्डे बुजवायचे होते. बायांनी रांग धरली, घमेली हातोहात पुढे सरकू लागली. खोदताना मुरूम आधी निघाला होता, म्हणून ढिगाऱ्याच्या तळाशी तोच. वर काळी माती. त्यामुळे आता काळी माती आधी पडली, मुरूम तिच्यावर, मधेमधे दोन्ही मिसळून. त्या दोन पावांमधला क्रम आता वहीत होता. उरलेली दोन पावं तशीच ठेवून आम्ही सुतळी गुंडाळली.