स्कायरिम, मॉड आणि लिनक्स

बेथेस्डाचा ‘स्कायरिम’ २०११ साली आला, त्याची स्पेशल एडिशन २०१६ साली. हा खेळ अजून जिवंत आहे तो मॉड, म्हणजे खेळात फेरबदल, करणाऱ्यांमुळे. कुणी डोंगरांचे टेक्श्चर नव्याने रंगवतं, कुणी नवी गावं वसवतं, कुणी मूळ खेळातले दोष दुरुस्त करतं. आणि बहुतेक जण हे सगळं फुकट देतात. असे शेकडो मॉड एकमेकांशी जुळवून केलेला संच म्हणजे कलेक्शन. ते बहुधा विंडोज डोळ्यांसमोर ठेवून बांधलेलं असतं. लिनक्सवर ते बसवायला वेळ लागतो, पण खेळ आतून कसा चालतो ते त्यातच कळतं.

सुरुवात प्रोटॉनपासून. व्हॉल्व्हने २०१८ साली वाइन या सॉफ्टवेअरच्या पायावर उभं केलेलं हे साधन विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवतं. स्टीम प्रत्येक खेळाला ‘कॉम्पॅटडेटा’त स्वतंत्र फोल्डर देतं, स्पेशल एडिशनचा क्रमांक ४८९८३०. आत गेलं की सी ड्राइव्ह, युजर, ॲपडेटा अशी विंडोजची सगळी मांडणी दिसते. मॉडआधी खेळ एकदा साधाच चालवून बंद करावा, म्हणजे सेटिंगच्या फाइली तयार होतात. मॉड मॅनेजरही याच मांडणीत, म्हणजे प्रीफिक्समध्ये, चालवला, की खेळ आणि तो प्लगइनची, म्हणजे मॉडच्या मुख्य फाइलींची, एकच यादी वाचतात.

खरी मेख फोल्डरांच्या नावांत आहे. ‘टेक्श्चर्स’मधला टी मोठा की लहान, याने विंडोजला फरक पडत नाही. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टिमवर मात्र ती सहसा दोन वेगळी फोल्डरं होतात. मॉड हाताने उलगडत गेलं, तर दोन्ही शेजारीशेजारी उभी राहतात. वाइन त्यांतलं एकच धरतं आणि दुसऱ्यातल्या फाइली डिस्कवर असूनही खेळात उतरत नाहीत. म्हणून मी प्रत्येक मॉडनंतर डेटा फोल्डर उघडून जोडनावं शोधते. हार्ड लिंक वापरणाऱ्या मॅनेजरचं पथ्य आणखी एक: मॉडचा साठा आणि खेळ एकाच पार्टिशनवर हवेत, कारण हार्ड लिंक एका फाइल सिस्टिममधून दुसरीत जात नाही.

मग क्रम लावायचा. एकच फाइल दोन मॉडनी बदलली असेल, तर नंतरच्याचं चालतं. त्यामुळे आधी दुरुस्तीचे मॉड, मग दृश्यांचे, मग नव्या कथांचे आणि शेवटी त्यांना सांधणारे पॅच. पूर्ण प्लगइन २५४ पर्यंतच चालतात; हलक्या प्लगइनची गणती निराळी. काही मॉडना स्क्रिप्ट एक्स्टेंडर (एसकेएसई) लागतो; त्याची आवृत्ती खेळाच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. खेळ नेहमीच्या लाँचरऐवजी एक्स्टेंडरच्या लोडरमधून सुरू करायचा, आत कन्सोल उघडून ‘गेट एसकेएसई व्हर्जन’ ही आज्ञा द्यायची. आकडा उमटला की पाया पक्का.

लिनक्सवर मॉड बसवताना यातला कुठलाच थर झाकलेला नसतो. खेळ बंद पडला तर लॉग वाचता येतो, यादी साध्या एडिटरमध्ये उघडते, संशयित मॉड काढून पुन्हा पाहता येतं. म्हणून माझं सांगणं एवढंच: कलेक्शन एका दमात ओतू नका. प्रत्येक मॉडचं टिपण वाचा, थोडे मॉड घाला, खेळ चालवून बघा, चालणाऱ्या फोल्डरची प्रत ठेवा, मगच पुढे जा. आणि एखादा मॉड आवडला, तर करणाऱ्याला दोन ओळी जरूर लिहा.