जप्ती झाली, पण पैसे कधी? एका प्रश्नातून संशोधन कसं उभं राहतं



मागच्या सुट्टीत पोखर्णीला होतो. नृसिंहाच्या मंदिरात दर्शन झाल्यावर बाहेर गावातले एक निवृत्त गुरुजी भेटले. माझं पीएच.डी.चं काम ठेवीदारांच्या खटल्यांवर आहे हे त्यांना माहीत होतं. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशातला मोठा भाग त्यांनी जादा व्याजासाठी एका पतसंस्थेत ठेवला होता आणि तो अडकला. ते म्हणाले, "बाळा, मालमत्ता जप्त झाली असं पेपरात वाचलं. मग माझे पैसे कधी येणार?"

मला सरळ उत्तर देता आलं नाही. आजचा लेख त्याच प्रश्नावर. 'विषय तर आहे, पण संशोधन प्रश्न कसा काढू?' असं तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. ते या उदाहरणावरून बघू.

आधी कायदा समजून घ्या

महाराष्ट्रात अशा प्रकरणांसाठी १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा कायदा आहे. सगळे त्याला एमपीआयडी म्हणतात. त्याचे टप्पे असे:

१. कलम ३: कपटाने ठेव बुडवली तर सहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड.
२. कलम ४: सरकार आदेश काढून संस्थेची मालमत्ता जप्त करतं. ती पुरेशी नसेल तर प्रवर्तक, संचालक यांच्या मालमत्तेवरही हात टाकता येतो.
३. कलम ५: जप्त मालमत्ता सक्षम प्राधिकाऱ्याच्या ताब्यात जाते. हा अधिकारी उपजिल्हाधिकारी दर्जापेक्षा खालचा नसतो.
४. कलम ६ आणि ७: विशेष न्यायालय हरकती ऐकतं, जप्ती कायम करतं किंवा उठवतं, आणि ठेवीदारांना न्याय्य वाटप करण्याचे आदेश देतं.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. शिक्षा आणि वसुली या दोन वेगळ्या वाटा आहेत. आरोपी तुरुंगात गेला म्हणून पैसे परत येत नाहीत. समजा एकूण ठेवी १० कोटींच्या आहेत आणि मालमत्ता विकून ३ कोटी आले. सगळ्यांना सारख्या प्रमाणात वाटायचं तर रुपयामागे ३० पैसे. ५ लाख ठेवलेल्याला दीड लाख. तेही विक्री झाली तर, आणि तोपर्यंत माणूस हयात असेल तर.

हा कायदाच टिकेल का, हाही प्रश्न होता

२००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने विजय पुंजाल प्रकरणात हा कायदा घटनाबाह्य ठरवला. हा विषय केंद्राच्या अखत्यारीतला, राज्याला असा कायदा करता येत नाही, असा मुख्य मुद्दा होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. के. भास्करन प्रकरणात तमिळनाडूचा तशाच धर्तीचा कायदा वैध ठरवला आणि मुंबईचा दृष्टिकोन नाकारला. पुढे महाराष्ट्राचा कायदाही टिकला. एप्रिल २०२२ मध्ये ६३ मून्स प्रकरणात 'ठेव' या शब्दाची व्याख्या व्यापक आहे, असं न्यायालयाने सांगितलं.

म्हणजे कागदावर कायदा भक्कम आहे. तरी पुण्याच्या डी. एस. कुलकर्णी डेव्हलपर्सचं प्रकरण बघा. ठेवीदारांत निवृत्त माणसं मोठ्या संख्येने. गुन्हा नोंद झाला २०१७ मध्ये, अटक फेब्रुवारी २०१८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयातून जामीन ऑगस्ट २०२२ मध्ये. मधल्या काळात कंपनी दिवाळखोरी संहितेच्या प्रक्रियेतही गेली. त्याच मालमत्तेवर बँकांचाही दावा, ठेवीदारांचाही. आपल्या मराठवाड्यात २०२४ मध्ये बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या ठेवीदारांनाही पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

मग संशोधन प्रश्न कोणता?

'वृद्ध गुंतवणूकदारांची फसवणूक: एक अभ्यास' हे शीर्षक मीही आधी लिहिलं होतं. मार्गदर्शकांनी एकच विचारलं, "यात मोजणार काय?" मी गप्प. शेवटी गुरुजींचाच प्रश्न कामाला आला: जप्तीचा आदेश निघाल्यापासून ठेवीदाराच्या हातात पहिली रक्कम येईपर्यंत किती काळ जातो, आणि तो कोणत्या टप्प्यावर अडतो?

आता हे मोजता येतं. पण तीन खड्डे आहेत.

पहिला, वय. कायदा ठेवीदाराचं वय विचारत नाही. प्रथम खबरी अहवालात फिर्यादीचं वय मिळतं, पण हजारो ठेवीदारांतला तो एक. त्यावरून सगळ्यांबद्दल बोलता येणार नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडच्या दावा अर्जांतून वय मिळतं का, हे आधी तपासा.

दुसरा, अपूर्ण प्रकरणं. फक्त निकाली निघालेले खटले घेतले तर लवकर संपलेलेच जास्त येतील आणि सरासरी काळ खोटा, कमी दिसेल. प्रलंबित खटलेही नमुन्यात हवेत, 'अजून चालू' अशा नोंदीसह. त्यासाठी संख्याशास्त्रात उत्तरजीविता विश्लेषण नावाची पद्धत आहे.

तिसरा, जे बोलायला उरलेच नाहीत ते. वृद्ध ठेवीदार खटला चालू असतानाच जातात. वारसांना पावती कुठे ठेवली हेही माहीत नसतं. फक्त हयात असलेल्यांच्या मुलाखती घेतल्या तर सगळ्यात मोठं नुकसान आपल्या तक्त्यात येतच नाही.

मुलाखतीला जाताना

माहितीसाठी राजपत्रातले जप्ती आदेश, ई-कोर्ट्सवरच्या तारखा, उच्च न्यायालयाची निकालपत्रं बघा. माणसांकडे जाल तेव्हा जरा सांभाळून. पैसे बुडाल्याचं कित्येकांनी घरात सांगितलेलंही नसतं. म्हणून सुनेसमोर, नातवासमोर प्रश्न विचारू नका. लेखी संमती घ्या, नाव लिहू नका, आणि 'माझ्या अभ्यासामुळे काहीतरी होईल' असं चुकूनही म्हणू नका. एकदा फसलेल्या माणसाला आणखी एक खोटी आशा देऊ नये.

गुरुजींना मी शेवटी एवढंच सांगितलं की पावत्यांच्या झेरॉक्स काढून ठेवा, दावा अर्ज भरला नसेल तर भरा, आणि मुलाला सगळं दाखवून ठेवा. ते म्हणाले, "मुलाला अजून सांगितलं नाही." माझ्या प्रश्नावलीत हा प्रश्न नव्हता. आता आहे.

तुमच्या विषयात 'मोजणार काय?' याचं उत्तर एका वाक्यात लिहून बघा. नाही जमलं तर ज्याच्यावर ते बेतलंय, त्या माणसाला जाऊन विचारा.