यादीत नाव लागल्यानंतर

गौरी-गणपतीच्या तोंडावरची गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील. पतसंस्थेत मी व्हाउचरं तपासत बसले होते आणि लेकीचा फोन आला. ‘आई, यादी लागली. पुणं मिळालं.’ एवढंच बोलली आणि गप्प झाली. मलाही पुढं काही सुचेना. काउंटरपलीकडं सोनेतारणासाठी आलेली एक बाई रुमालात पाटल्या गुंडाळून उभी होती. तिलाही मुलाची फीच भरायची होती. मी फोनवर इतकंच म्हटलं, ‘आजीला सांग आणि देवापुढं साखर ठेव.’

संध्याकाळी घरी आले तर साखर ठेवलेली होती, पण आजीबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा चेहरा काही गोड नव्हता. ‘आगं, शेतकी शिकायला पुण्याला कशापायी जायचं? आपलं रान काय कुठं गेलंय व्हय?’

प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. लेकीला कृषी पदवीच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता, तोही पुण्याच्या कृषी महाविद्यालयात. शंभर वर्षांहून जुनं कॉलेज. आज ते राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडं आहे. आजूबाजूच्यांनाही नवल वाटलं. हुशार पोरगी, डॉक्टर नाही, इंजिनिअर नाही, आणि शेतकीला? मुलगा शेतकीला गेला तर तो उद्या अधिकारी होईल असं लोक म्हणतात. मुलगी गेली तर विचारतात, ‘का, मार्क कमी पडले का?’

मार्क कमी पडले नव्हते. कारण वेगळं होतं, आणि ते आमच्या रानातच होतं.

सांगोला तालुका म्हणजे डाळिंब, हे समीकरण सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पाण्याची वानवा असलेल्या या मुलखाला डाळिंबानं उभं केलं. आमचीही ‘भगवा’ जातीची बाग होती. तिच्या जिवावर घराला स्लॅब पडला, नणंदेचं लग्न झालं. मग तेल्या आला. फळावर आधी तेलकट ठिपका दिसतो, मग तिथं काळा डाग पडून फळ उकलतं. हा रोग जिवाणूंमुळं होतो, पावसाच्या शिंतोड्यांबरोबर झाडावरून झाडावर जातो आणि रोगट कलमांबरोबर एका गावातून दुसऱ्या गावात पोचतो. त्यातून वाचलेल्या झाडांना पुढं खोडकिड्यानं पोखरलं. २०२१ च्या पावसाळ्यानंतर आम्ही जेसीबी आणून बाग उपटली. झाडं बांधावर रचली जात होती तेव्हा लेक नववीत होती. ती रडली नाही. मिस्टरांना एवढंच म्हणाली, ‘पप्पा, याला औषधच नाही, असं कसं?’

त्या प्रश्नाचं उत्तर आमच्यापाशी नव्हतं. ती मात्र त्याच्या मागं लागली. गणेशखिंडच्या फळबाग संशोधन केंद्रातून ‘गणेश’ ही जात पुढं आली, ‘भगवा’ राहुरीच्या विद्यापीठानं दिला, आणि सोलापुरात २००५ पासून खास डाळिंबासाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, हे मला तिच्याकडून कळलं. मृग बहारात तेल्याचा धोका जास्त असतो आणि हस्त बहारात तुलनेनं कमी, हे तिनं वहीत लिहून ठेवलं होतं. आमच्या बागेचा सगळा हिशेब पावत्यांत होता, तिचा त्या वहीत.

तिसरीपर्यंतची शाळा

यादीत नाव लागणं ही पहिली पायरी. खरी परीक्षा कागदपत्रांची. बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, सातबाराचा उतारा, नॉन-क्रीमीलेअर, जातीचा दाखला, आणि या साऱ्यांचा राजा म्हणजे जात पडताळणी. पडताळणीचा अर्ज बारावीतच केला होता, पण त्यावर त्रुटी निघाली होती. आम्ही इतर मागासवर्गीय. या प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. मिस्टरांचा शाळेचा दाखला त्यानंतरचा. म्हणजे सासऱ्यांचा हवा. ते जाऊन बरीच वर्षं झाली. गावच्या शाळेत जुनी रजिस्टरं दोनदा चाळली, त्यांचं नाव नाही. ‘शिकलेलेच नसतील,’ असं म्हणून मिस्टरही खाली बसले. तारीख जवळ येत होती. पडताळणी झाली नाही तर राखीव जागा जाणार, हे घरात प्रत्येकाला कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

त्या रात्री जेवताना सासूबाई सहज म्हणाल्या, ‘ते हितं कुठं शिकले? आई लहानपणीच गेली त्यांची. मामाकडं होते जतच्या बाजूला. तिसरी झाली आन् मामानं गुरं राखाया लावलं.’

आम्ही हातातला घास तसाच धरून त्यांच्याकडं बघत राहिलो. इतके दिवस आम्ही चुकीच्या गावात शोधत होतो, आणि बरोबर गाव ज्यांना ठाऊक होतं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पोरीनं पुण्याला जाऊ नये असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्याच तोंडून तिची वाट निघाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मिस्टर मोटरसायकलवर निघाले. तिथल्या मुख्याध्यापकांनी कपाटातून कापडी बांधणीचं रजिस्टर काढलं आणि अर्ध्या तासात ओळ सापडली. नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, इयत्ता तिसरी. शाळा सोडण्याचं कारण, ‘सतत गैरहजर’. नाव घरगुती हाकेचं लिहिलेलं, म्हणून त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. पण ओळ होती. निर्गम उतारा मिळाला, त्रुटी दूर झाली आणि मुदतीच्या आत प्रमाणपत्र हातात आलं.

तो उतारा सासूबाईंना दाखवला. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ‘माझं नाव मातुर कुठल्याच बुकात न्हाई.’

‘मतदार यादीत आहे की, आजी,’ लेक म्हणाली.

‘ती माझी न्हवं, त्यांची गरज हाय,’ म्हातारी म्हणाली, आणि सगळे हसलो. मला मात्र ते हसू पुरतं आलं नाही.

कारण माझं नाव एकदा यादीत लागलं होतं. १९९४ साल. बारावी झाली होती, पुण्याच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं होतं. दादा तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. घरात एकाच फीचे पैसे होते. वडिलांनी पत्र दोन दिवस खिशात बाळगलं आणि तिसऱ्या दिवशी देवळीत ठेवलं. मला कुणी ‘नाही’ म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. मुदत आपोआप निघून गेली. वडिलांवर माझा राग नाही. मात्र त्या दोन दिवसांत मी एकदा तरी बोलायला हवं होतं, ही रुखरुख आहे. पुढं लग्नानंतर, नोकरी सांभाळून, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून मी पदवी घेतली. १९८९ साली ते विद्यापीठ निघालं नसतं तर माझ्यासारख्या कितीतरी बायका ‘बारावी पास’ एवढ्यावरच राहिल्या असत्या. पदवी मिळाली, पण कॉलेज राहिलं ते राहिलंच.

फी माफ, पण पोटाचं काय?

पतसंस्थेच्या खिडकीत बसून मी वर्षानुवर्षं पालक पाहते आहे. सगळ्यांचा हिशेब फीपाशी थांबतो. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं मुलींसाठी मोठं पाऊल टाकलं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं. आम्हालाही त्याचा आधार झाला. परंतु वसतिगृह, खानावळ, पुस्तकं, जाण्यायेण्याचा खर्च हे सारं उरतंच. शिक्षण फुकट झालं असं समजून बसलेले आईबाप ऑक्टोबरात सोनेतारणाला येतात.

खरं तर महाराष्ट्रात शिक्षणाचा प्रश्न नेहमीच राहण्या-जेवणाचा प्रश्न होता. जुन्या काळी गरीब मुलं माधुकरी मागून, वार लावून शिकली. सोमवारी एकाच्या घरी, मंगळवारी दुसऱ्याच्या. ज्यांना कुणी वार लावून घेतलं नसतं, त्यांच्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेक वसतिगृह उभं केलं. कर्मवीर भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’चा मंत्र दिला. या दोघांनी ओळखलं होतं की, शाळेचं दार उघडून भागत नाही, रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळची भाकरी लागते. आजचा पालकही पहिला प्रश्न तोच विचारतो, ‘हॉस्टेल मिळालं का?’

म्हणून आम्ही दोघी वही घेऊन बसलो. फीचा रकाना वेगळा, महिन्याचा रकाना वेगळा. शिष्यवृत्तीचे पैसे थेट खात्यात येतात, तेव्हा लेकीचं स्वतःचं खातं आधारशी जोडलं आहे ना, हे आधी पाहिलं. प्रत्येक कागदाच्या पाच-पाच छायाप्रती काढल्या, मूळ कागद वेगळ्या फाइलीत. मूळ कागद कॉलेजात जमा केला तर त्याची पोच घ्यायची, हे पतसंस्थेतलं शहाणपण तिला दिलं. रॅगिंगविरोधी हमीपत्र भरताना मिस्टर घाबरले, ‘म्हणजे तिथं तसलं चालतं का?’ त्यांना समजावलं, की १९९९ पासून राज्यात त्याविरुद्ध कायदा आहे, म्हणूनच तर लिहून घेतात. पोरीला वेगळं सांगितलं, ‘काही झालं तर पहिला फोन घरी. आम्ही काय म्हणू, हा विचार करत बसू नकोस.’

बॅगेत न मावणारं

सामान बांधताना आईच्या हाताला आवर नसतो. चटण्या, शेंगदाण्याच्या पोळ्या, कडक भाकऱ्या, गोधडी. ती एकेक वस्तू काढत होती, मी परत भरत होते. शेवटी ती बॅगेवरच बसली आणि म्हणाली, ‘आई, तिथं सगळे पहिले आलेलेच असतील. मी शेवटची आले तर?’

या भीतीला दशम्यांचा उपयोग नव्हता. बारावीपर्यंत ती वर्गातली पहिली. आता सारा अभ्यास इंग्रजीतून, आणि आजूबाजूला पुण्या-नाशिकची सफाईनं बोलणारी मुलं. मी तिला ‘तू हुशार आहेस’ असं म्हणणार होते, पण थांबले. त्याऐवजी तिची ती जुनी वही काढली. बहारांची, फवारण्यांची, तेल्याच्या ठिपक्यांच्या चित्रांची. म्हटलं, ‘शब्द अडले तर डिक्शनरी आहे. पण झाड उपटताना पाहिलेलं तुझ्याइतकं कितीजणांना असेल?’ ती काही बोलली नाही. वही मात्र बॅगेत गेली. एक गोधडी कमी झाली.

निघायच्या दिवशी सासूबाईंनी कमरेची पिशवी सोडली. पाचशेच्या दोन नोटा काढल्या, पोरीच्या मुठीत दाबल्या. ‘वसतिगृहात रातचं उगं जागू नगंस,’ म्हणाल्या. पुण्याला कशापायी, हा प्रश्न पुन्हा निघाला नाही. सांगोल्याच्या स्टँडवर पहाटेची एसटी धरली. स्वारगेटला उतरून शिवाजीनगरला पोचेपर्यंत दुपार झाली होती. कागद तपासणाऱ्या कारकुनानं फाइल चाळली, पडताळणी प्रमाणपत्रावर नजर टाकली आणि शिक्का मारला. दोन सेकंदांचं काम. तिसरीतून शाळा सुटलेल्या एका गुराख्याच्या ओळीवर तो शिक्का उभा आहे, हे त्याला कुठून कळावं? त्याला कळायचं कारणही नव्हतं. आम्हाला कळत होतं.

परतीच्या एसटीत शेजारची जागा रिकामी होती. टेंभुर्णी येईपर्यंत मी आणि मिस्टर एक शब्द बोललो नाही. मग ते म्हणाले, ‘तिची खोली पूर्वेला आहे. ऊन येईल सकाळी.’ मी ‘हो’ म्हटलं.

चौथ्या दिवशी रात्री तिचा फोन आला. वर्ग सुरू झाले होते, मेसची आमटी पातळ होती, खोलीतली एक मैत्रीण धुळ्याची होती. सासूबाईंनी फोन मागितला. कानाला उलटा लावला, मग सरळ केला आणि मोठ्यानं विचारलं, ‘काय गं, तेल्याचं औषध घावलं का?’

पलीकडून हसण्याचा आवाज आला. ‘आजी, चारच दिवस झालेत. अजून चार वर्षं आहेत.’

‘बरं बरं,’ म्हातारी म्हणाली. ‘सावकाश शोध. रान काय कुठं जात न्हाई.’