डग्गा कोण वाजवतं?

बडोद्यात सयाजीरावांनी १८८६ साली गायक मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली. आज ती विद्यापीठाचा भाग आहे. तिथे तबल्याला बसलेल्या एखाद्या मुलाचे हात पाहा. उजवा तबल्यावर बोल काढतो, डावा डग्ग्यावर घुमारा. हुकूम मात्र उलटे सुटतात: उजव्या हाताला मेंदूचा डावा गोलार्ध चालवतो, डाव्याला उजवा. मेंदूतून निघालेले बहुतेक तंतू लंबमज्जेत बाजू बदलतात.

दोन्ही हातांचा मेळ बसतो तो मुख्यतः कॉर्पस कॅलोझममुळे. दोन गोलार्धांमधला हा सुमारे २० कोटी तंतूंचा पूल. वयाच्या सातव्या वर्षाआधी वाद्य हाती घेतलेल्यांत त्याचा पुढचा भाग मोठा असल्याचं १९९५ च्या एका अभ्यासात दिसलं.

भाषेचं गणित वेगळं. पॅरिसच्या पॉल ब्रोकांचा १८६१ मधला एक रुग्ण ‘तान’ एवढंच बोले. त्याच्या डाव्या गोलार्धाचा पुढचा भाग निकामी झाला होता. घरी मराठी आणि मंगळबाजारात गुजराती बोलणाऱ्या बडोदेकराच्याही दोन्ही भाषा बहुधा डावीकडेच नांदतात. सुरांचा बराचसा कारभार उजवीकडे, म्हणून वाचा गेलेले काही रुग्ण गाणं मात्र शब्दांसकट म्हणतात! ‘डाव्या मेंदूचे हिशेबी, उजव्या मेंदूचे कलावंत’ ही निव्वळ थाप आहे.

घरात कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर गुठळीमुळे मेंदूच्या एका बाजूचा रक्तपुरवठा अडला असू शकतो; वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.