सन्मान निधी आणि उताऱ्यावरचे नाव



बेळगाव-खानापूर भागातील पुष्कळ घरांत एकच तक्रार आमच्या कानी येते : शेजाऱ्याचे दोन हजार जमा झाले, आमचे मात्र नाहीत. दोष बहुधा नशिबाचा नसतो, कागदाचा असतो. म्हणून या पैशांची वाट कशी आहे ते आज समजून घेऊ.

प्रधानमंत्री किसान सन्मान निधी ही योजना २४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांनी, थेट बँकेत जमा होतात. प्रथम दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांनाच ते मिळत. जून २०१९ पासून ही मर्यादा काढली. कर्नाटक सरकार त्यात ४,००० रुपयांची भर घालीत असे, ती २०२३ साली बंद झाली. रक्कम मोठी नाही. २०२५ च्या दराने एका हप्त्यात डीएपीचे एक पोते (१,३५० रुपये) आणि युरियाची दोन पोती (प्रत्येकी २६६ रुपये ५० पैसे) येतात. पण पेरणीच्या तोंडावर तेवढ्यासाठी सावकाराकडे जावे लागत नाही, हेही खरे.

हा पैसा जमीन कसणाऱ्याला नव्हे, उताऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याला मिळतो. नवरा, बायको आणि अज्ञान मुले मिळून एक कुटुंब. एका कुटुंबाला एकच लाभ. एकाच जमिनीवर तीन भावांची नावे असतील, तर तीन कुटुंबांना वेगवेगळा लाभ मिळू शकतो. संस्थेच्या मालकीची जमीन, मग ती चर्चच्या ट्रस्टची का असेना, योजनेत बसत नाही. अशी जमीन वाट्याने करणाऱ्यालाही पैसे मिळत नाहीत. आयकर भरणारे, सरकारी नोकर (चतुर्थ श्रेणी सोडून) आणि दरमहा १०,००० किंवा अधिक पेन्शन घेणारेही वगळलेले आहेत. अपात्र असून घेतलेले पैसे परत भरावे लागतात.

आपल्याकडे अनेक उताऱ्यांवर अजून आजोबांचे नाव आहे. घरधनी वारला की त्याच्या नावचा हप्ता विधवेकडे आपोआप येत नाही. मृताच्या खात्यातून तो काढीत राहणे तर अंगाशी येते. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन नावावर झाली तर लाभ नाही, असा नियम ठरला होता. परंतु मृत्यूनंतर वारशाने नाव लागल्यास त्यातून सूट ठेवली. तेव्हा मृत्यूचा दाखला आणि वंशावळ घेऊन नाडकचेरीत वारसा नोंदीचा अर्ज लगेच करावा.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. मृत्युपत्र नसेल, तर आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. त्याप्रमाणे मुलेबाळे असल्यास विधवेला एक तृतीयांश, आणि उरलेल्यात मुलगा व मुलगी यांना सारखा हिस्सा. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा हक्क जात नाही. आईचे व बहिणींचे नाव गाळून केलेली वंशावळ आज सोयीची वाटते, पण तो अन्याय आहे, आणि उद्या कोर्टाची पायरी चढायला लावतो.

नाव लागल्यावर तीन कामे राहतात. पहिले, रयत संपर्क केंद्रात 'फ्रूट्स' नोंद करून एफआयडी क्रमांक घ्यावा व आपले सर्व सर्व्हे नंबर त्याला जोडावेत. पीक नुकसानीच्या भरपाईलाही तोच क्रमांक लागतो. दुसरे, ई-केवायसी पुरी करावी. आधार, उतारा आणि पासबुक यांवरचे नाव एकसारखे असावे. तिसरे, आधार कोणत्या बँकेशी जोडले आहे ते विचारावे. पुष्कळदा पैसे आलेले असतात, पण विसरलेल्या जुन्या खात्यात. फोनवर आलेला ओटीपी मात्र परक्या माणसाला सांगू नये.

शेताचा बांध आपण दरवर्षी पाहतो, ढासळला तर बांधून घेतो. तशीच वर्षातून एकदा उताऱ्याची नक्कल काढून घरातल्या सर्वांनी एकत्र बसून वाचावी. घरातील वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर हे काम सोपे असते.