तीन नंबरचा बावटा

पावसाळ्याच्या तोंडाशीं किंवा कार्तिकांत वर्तमानपत्रांत एक ओळ हटकून येते : बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला. ती वाचून पुष्कळांस वाटतें कीं, एकाहून दोन मोठा, दोहोंहून तीन मोठा. म्हणजे वादळ आतां तिसऱ्या इयत्तेंत गेलें! जन्मभर मुलांस अंकगणित शिकविलेल्या मजसारख्यास ही समजूत स्वाभाविक वाटते. पण बावट्यांचें गणित निराळें आहे.

या खुणा एकंदर अकरा. दिवसा निरनिराळ्या आकृत्या टांगतात, रात्रीं तांबडे-पांढरे दिवे. पहिली खूण सांगते कीं, दूर समुद्रांत हवा बिघडली असून तेथें वादळ जन्मण्याचा संभव आहे. दुसरी, तें जन्मलें, पण दूर आहे. तिसरीचा अर्थ, खुद्द या बंदरावर सोसाट्याचे वारे सुटण्याचें भय आहे. म्हणजे वादळाच्या मानानें तीन हा दोहोंहून सौम्य, आणि आपल्या होडीस मात्र अधिक जवळचा! चौथीनें वादळाचें भय बंदरास लागतें. पांच, सहा व सात यांत जोराचा फरकच नाहीं. बंदर वादळाच्या मार्गाच्या डावीकडे राहील, उजवीकडे, कीं ऐन वाटेवर, एवढाच भेद. आठ ते दहांत हीच स्थानें पुन्हा येतात, मात्र वादळ उग्र. अकरावी खूण सांगते कीं, हवामानखात्याशीं दळणवळण तुटलें असून बंदराच्या अधिकाऱ्यास हवेचें लक्षण बरें दिसत नाहीं. मला स्वतःला सर्वांत भीति वाटते ती हिची.

आतां रेडिओवरील इशारा. 'ताशीं ४५ ते ५५ किलोमीटर, मधून मधून ६५' असें ऐकूं येतें. पहिले दोन आंकडे सततच्या वाऱ्याचे. तिसरा झोताचा, आणि होडी उलथवितो तो झोत. वेग दुप्पट झाला कीं रेटा चौपट होतो. त्या हिशेबानें ६५ चा रेटा ४५ च्या दुपटीहून अधिक. वेग नॉटमध्यें सांगितला असल्यास ३४ नॉट म्हणजे ६३ किलोमीटर, हें विसरूं नये. लाटेची जी उंची सांगतात तीहि सर्वांत मोठ्या लाटेची नव्हे. वरच्या एकतृतीयांश लाटांची ती सरासरी. तीन मीटर म्हटलें असतां एखादी सहा मीटरांचीहि येऊं शकते.

११ नोव्हेंबर २००९ रोजीं 'फयान' वादळ मुंबई-अलिबागच्या दरम्यान किनाऱ्यावर चढलें. तेव्हां कोकणचे कित्येक मच्छीमार दर्यांतच होते; त्यांतले कांहीं परतले नाहींत. म्हणून नाखव्यानें परतीचे तास आधीं मोजावेत. चाळीस सागरी मैलांवरची होडी ताशीं आठ मैलांनीं निघाली, तर पांच तास लागतात. पण दक्षिणेकडून वादळ वर येत असतां त्याच्या पुढल्या अंगास वारा पूर्वेकडचा, म्हणजे घरीं परतणाऱ्याच्या थेट तोंडावर. मग पांचांचे सात-आठ तास होतात. वाऱ्याकडे पाठ करून उभें राहावें. आपल्या गोलार्धांत वादळाचा मध्य साधारणतः डाव्या हातास असतो. पूर्वेचा वारा पाठीवर घेतला, तर डावा हात दक्षिणेकडेच जातो.

इशारा ऐकतांना तो कोणत्या किनाऱ्याचा, किती वाजतां निघालेला आणि केव्हांपर्यंत लागू, हें पाटीवर लिहून घ्यावें. सकाळचा इशारा संध्याकाळीं शिळा होतो. नवा ऐकल्यावांचून नांगर उचलूं नये.